छोटू आता टाकीत वळत नाही

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात. पत्र असं:

'दीड वर्षापूर्वी मुलाच्या आठव्या वाढदिवसाला त्याच्या काकाने एक मासा आणून दिला. बोटाएवढा, पाठ काळी, पोट पांढरं, शेपूट लालभडक. दुकानदाराने "रेड टेल" असं नाव सांगितलं आणि टाकीएवढाच वाढतो म्हणाला. मुलाने त्याचं नाव छोटू ठेवलं. पहिल्या महिन्यात टाकीतले गप्पी मासे संपले, मग एंजल, आणि एके दिवशी सकाळी ऑस्करही दिसेना. परवा काचेला पट्टी लावून मोजलं तर 22 इंच भरला. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे. चिकनचे तुकडे घालतो, कधी जिवंत गोल्डफिश. गेल्या आठवड्यात थर्मामीटर गिळला आणि तिसऱ्या दिवशी ओकून काढला. सासरे त्याला बकासुर म्हणतात. कृष्णेत सोडून द्या, पुण्य लागेल, असा त्यांचा आग्रह आहे. मिस्टर म्हणतात गच्चीवर मोठी टाकी बांधू. माझ्या भावाची तासगावकडे द्राक्षबाग आहे. तिथे शेततळं आहे, आणि वस्तीजवळ एक जुना हौदही आहे, दहा बाय सहा, चार फूट खोल. मुलगा कशालाच तयार नाही. मी काय करू?'

ताई, 22 इंच वाचलं आणि मी तुमच्या टाकीची रुंदी पुन्हा वाचली. दीड फूट म्हणजे 18 इंच. म्हणजे छोटू वळताना अंग दुमडून घेत असणार. आज रात्री दिवे मालवून थोडा वेळ टाकीपुढे बसा. हा रेड टेल कॅटफिश, रात्री फिरणारा मासा. त्याचं नाक काचेला घासून पांढरं पडलंय का, हनुवटीखालच्या मिशा टोकाशी झिजल्यात का, तेवढं बघा. बहुतेक दिसेलच. तुम्ही वाईट सांभाळलंत असा याचा अर्थ नाही. दीड वर्ष जगवलात, तेही घरच्या टाकीत, हे सोपं नाही.

आधी त्या 'टाकीएवढाच वाढतो' बद्दल. हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय आणि ते मला बरोबर ठरलेलं कधीच दिसलं नाही. टाकी लहान असली की मासा कमी वाढतो, हे अर्धं खरं. पण तो टाकी बघून वाढ थांबवत नाही. घाण पाणी, अपुरा प्राणवायू आणि आखडलेलं अंग यांनी त्याची वाढ खुंटते, कणा वाकतो, आणि पुढे एक दिवस तो मरतो. मग 'आयुष्य संपलं बिचाऱ्याचं' म्हणून आपण दुसरा आणतो. या माशाचं आयुष्य पंधरा वर्षं आणि त्याहूनही जास्त असतं. तुमचा मुलगा कॉलेजात जाईल तेव्हाही छोटू असायला हवा.

हा मूळचा अ‍ॅमेझॉन, ओरिनोको आणि एसेकिबो या दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. ब्राझीलमध्ये त्याला 'पिरारारा' म्हणतात. तिथल्या तुपी भाषेत 'पिरा' म्हणजे मासा आणि 'अरारा' म्हणजे तो मोठा रंगीत पोपट, मकॉ. लाल शेपटीवरून पडलेलं नाव. मुलाला हे जरूर सांगा, त्याला आवडेल. तिकडे पावसाळ्यात मनौस शहराजवळ नदी दहा-दहा मीटर चढते, जंगलच्या जंगल पाण्याखाली जातं, आणि हा मासा झाडांमधून पोहत खाली पडलेली फळंसुद्धा खातो. मासे, खेकडे तर खातोच. लांबी सव्वा मीटरच्या पुढे जाते. गळाला लागलेल्या सगळ्यात मोठ्या पिराराराचं वजन 56 किलो भरलं होतं, 2010 साली, ब्राझीलमध्ये. आपल्याकडे दुकानात जी बोटाएवढी पिल्लं दिसतात ती नदीतून आलेली नसतात. आग्नेय आशियातल्या शेतांवर मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन ती हजारोंनी काढतात, म्हणून एवढी स्वस्त. 56 किलोच्या जनावराचं पिल्लू एवढ्या स्वस्तात मिळालं तर कुणी प्रश्न विचारेल, पण पाण्यातल्या जिवाबद्दल आपण विचारत नाही.

म्हणजे तो बकासुर नाही, ताई. ऑस्कर तोंडात मावत होता, म्हणून गिळला. थर्मामीटरही मावला.

आता सासऱ्यांच्या पुण्याकडे. त्यांच्यापुढे वाद घालू नका. त्यांच्या पिढीने माशाला कणीक घालून पुण्य जोडलंय आणि ती भावना खोटी नाही. पण कृष्णेत छोटूचं दोनपैकी एक काहीतरी होईल. दीड वर्ष चिकनवर वाढलेल्या माशाला शिकार करता आली नाही, तर महिनाभर रिकाम्या पोटाने फिरून तो मरेल. किंवा जमली, आणि मग तिथली मरळ, वाम, शिवडा यांची पिल्लं त्याच्या पोटात जातील. एकटा मासा अंडी घालून वंश वाढवणार नाही, हे मलाही कळतं. पण सांगलीत छोटू एकच नसणार. प्रत्येक घरात हेच बोलणं चालू असतं, 'एकाने काय होतंय?' उजनी धरणात चिलापी हा परदेशी मासा असाच कुठून कुठून आला आणि आता भिगवणच्या बाजारात ढिगाने तोच दिसतो. थायी मागूर हा बाहेरचा मासा पाळायला देशात 2000 साली बंदी घातली, तरी तो अजून सापडतोच. 2018 च्या पुरानंतर केरळात लोकांच्या जाळ्यात अरापैमा आणि अ‍ॅलिगेटर गार लागले. पहिला मासा दक्षिण अमेरिकेतला, दुसरा उत्तर अमेरिकेतला, दोन्ही कुणाच्या तरी तळ्यातून वाहून आलेले.

एक कबुली देतो. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन सकर होते, काच चाटणारे. फूटभर झाले आणि टाकीत मावेनात. मी एका रविवारी सकाळी बादलीतून नेऊन ते मुठेत सोडले. बरं वाटलं मला. घरी येऊन चहा घेतला. आता पुण्याच्या आसपास कुणी मासे धरणारा 'जाळ्यात काटेरी पाठीचा काहीतरी मासा आला' म्हणून फोटो दाखवतो, तेव्हा मी गप्प बसतो. सासऱ्यांना हवं तर माझी गोष्ट सांगा. थोरल्या माणसाला 'तुम्ही चुकताय' म्हणण्यापेक्षा 'एका म्हाताऱ्याने असं केलं आणि त्याला अजून लागतंय' म्हणणं सोपं जातं.

गच्चीचा विचार मिस्टरांनी लगेच सोडावा. साधा हिशेब: घराच्या खोलीचा स्लॅब, लोक आणि सामान धरून, चौरस मीटरला साधारण 200 किलो वापराचा भार गृहीत धरून बांधतात. चार फूट पाणी उभं केलं की तेवढ्याच जागेवर 1200 किलोच्या वर बसतात. सहापट. वर सिमेंटचं वजन वेगळं. गच्चीवरची पाण्याची टाकी चालते कारण ती खांब-तुळयांवर हिशेबाने ठेवलेली असते. शिवाय एप्रिलमध्ये सांगलीच्या गच्चीवर पाणी किती तापतं ते दुपारी नळ सोडल्यावर तुम्हाला कळतंच.

शेततळंही नको. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, बांध उंच, नदीपासून लांब. वरवर सोय दिसते. पण गाळणी नाही, हिवाळ्यात पहाटे पाणी गार पडतं, शेवाळ माजलं की पहाटेच प्राणवायू अगदी कमी होतो, आणि मे महिन्यात भाऊ ड्रिपला पाणी सोडणार तेव्हा तळ दिसणार. छोटू तळाशी राहणारा, रात्री फिरणारा. एकदा सोडलात की त्याचं दर्शन होणार नाही, आणि मेला तर चार दिवसांनी कळेल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: तुमचा साडेनऊ वर्षांचा मुलगा छोटू दिसतो का बघायला त्या कागदाच्या उतारावर वाकणार. शेवाळलेल्या कागदावरून घसरलेलं माणूस, मोठं असलं तरी, स्वतःहून वर येऊ शकत नाही. कुंपण आणि दोर नसलेल्या शेततळ्याजवळ त्याला एकटं पाठवू नका, मासा असो वा नसो.

राहिला हौद. आणि ताई, पत्रात तुम्ही तो शेवटी, जाता जाता लिहिलाय, पण उत्तर तिथेच आहे.

दहा बाय सहा बाय चार म्हणजे 240 घनफूट, म्हणजे सुमारे 6800 लिटर. तुमच्या आताच्या टाकीत काठोकाठ भरली तरी 255 लिटर मावतात. सव्वीसपट झालं. छोटूला पुढची तीन-चार वर्षं हे पुरेल. नंतर दोन भिंती पाडून लांबी पंधरा आणि रुंदी दहा फूट करावी लागेल, हे भावाला आत्ताच सांगून ठेवा. नंतर सांगितलं तर तो म्हणेल, बहिणीने मासा देऊन हौद मागितला.

पण आधी त्याला एक प्रश्न विचारा: या हौदात कधी औषध कालवलं होतं का? द्राक्षबागेतल्या जुन्या हौदाला मी पहिल्यांदा हेच विचारतो. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, करताना मोरचूद याच हौदात भिजवलेला असतो, फवारणीच्या टाकीत पाणी इथूनच भरलेलं असतं, आणि उरलेलं परत इथेच ओतलेलं असतं. मोरचूद म्हणजे तांबं. तांबं माशाला विष आहे, आणि छोटूसारख्या खवले नसलेल्या माशाला तर आधी बाधतं, कारण कातडी उघडी. भिंतीवर निळसर डाग दिसला तर तो हौद तसाच वापरू नका. घासून, धुऊन, चुना मारून भागणार नाही. आतून वेगळं अस्तर करून घ्या, शेततळ्याचाच जाड कागद चालेल, नाहीतर दुसरीकडे नवा बांधा. डाग नसेल आणि भाऊ छातीठोकपणे 'नाही' म्हणाला, तरी भरून आठवडाभर ठेवा, सोडून द्या, पुन्हा भरा, असं तीन वेळा करा. मग चार-पाच गप्पी सोडून पंधरा दिवस बघा. गप्पी टिकले तर छोटू टिकण्याची आशा धरा. नवा हौद बांधलात तर सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच चढतो, त्यामुळे तो महिनाभर तरी भरून-सोडून मुरू द्यावा लागेल.

फवारणीचा दुसरा धोका वाऱ्याचा. ब्लोअर बागेत फिरतो तेव्हा धुकं किती लांब जातं हे भावाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हौद वस्तीजवळ आहे ते बरं. वर पत्रा किंवा जाड ताडपत्री हवीच, फवारणीच्या दिवशी चारी बाजूंनी बांधलेली. तीच ताडपत्री डिसेंबर-जानेवारीत थंडी अडवेल, आणि छोटूच्या उड्याही. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की तो खाणं सोडतो आणि कोपऱ्यात पडून राहतो. 24 ते 26 त्याला मानवतं.

गाळणीला दुकानातलं काही महागडं नको. दोनशे लिटरचे दोन निळे पिंप घ्या. त्यात कधी काय होतं ते विचारून घ्या, कीटकनाशकाचे नकोत. पहिल्यात जाड स्पंज, दुसऱ्यात जाळीच्या पिशव्यांतून खडी किंवा लाव्हा दगड. मोटर हौदातलं पाणी पहिल्या पिंपात टाकेल, तिथून दुसऱ्यात, तिथून उतरून परत हौदात. खडीवर जे जिवाणू बसतात तेच खरं काम करतात. माशाच्या अंगातून, मुख्यतः कल्ल्यांतून, निघणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विष, तिसरा त्यामानाने सौम्य, तो पाणी बदलून काढायचा. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. काढलेलं पाणी बागेला द्या. वेलींना याहून चांगलं खत भाऊ विकत आणतो, पण फुकट हे मिळेल. हीटर लावायचा तर पिंपात लावा, हौदात नको. हौदात लावलात तर तो छोटू फोडेल किंवा गिळेल, दोन्ही केलेले मासे मी पाहिलेत.

मोटर रात्रंदिवस चालायला हवी. म्हणून ती शेतीपंपाच्या लाइनवर घेऊ नका, तिथे वीज ठरावीक तासच येते. वस्तीच्या घरगुती मीटरवरून घ्या. 100 वॅटची मोटर महिन्याला 72 युनिट खाते, तेवढे भावाला दर महिन्याला न विसरता द्या. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा हवेचा पंप एक ठेवा. एवढ्या माशाला सहा तास हवा बंद राहिली तर संकट.

हे सगळं व्हायला दीड-दोन महिने जातील. तोवर त्याच चार फुटी टाकीत काय करायचं?

चिकन आजपासून बंद. कोंबडीची चरबी माशाच्या थंड रक्तात नीट पचत नाही, यकृतावर साचते. बाहेरून मासा गुबगुबीत दिसतो आणि आपल्याला वाटतं, छान चाललंय. जिवंत गोल्डफिशही बंद. एक तर ते रोग घेऊन येतात, आणि त्यांच्या मांसात थायमिनेज नावाचं एक द्रव्य असतं, ते बी-1 जीवनसत्त्व मोडतं. चिलापीचे काटे काढलेले तुकडे, सोललेली कोळंबी, आणि बुडणारे मोठे पेलेट्स, यांची अदलाबदल करा. आठवड्यातून दोनदाच. तो मागेल. काचेशी येऊन तोंड उघडून बघेल, मुलगा म्हणेल उपाशी आहे. उपाशी नाही. नदीत तो एक मोठं जेवण करून कित्येक दिवस पडून राहतो. पोट सपाट दिसलं तर काळजी नको, पोट बाहेर आलेलं असलं तर काळजी.

टाकीतली वाळू, शिंपले, प्लास्टिकचा गड, हीटर काचेला चिकटवायची रबरी वाटी, सगळं काढा. रिकामी काच बरी. थर्मामीटर बाहेरून चिकटवायचा मिळतो. पाणी एक दिवसाआड पाव हिस्सा बदला, नळाचं असेल तर क्लोरीन मारणारं औषध घालून. आणि पाणी ढगाळलं म्हणून दुकानातून निळं-हिरवं औषध आणून ओतू नका. मीठसुद्धा जपून. खवल्यांच्या माशांसाठी लिहिलेलं प्रमाण छोटूला जास्त होतं.

भाऊ नाहीच म्हणाला तर? तर मग मोठं तळं असलेला एखादा शौकीन शोधायचा. हौशी लोकांच्या गटांमध्ये विचारा, कोल्हापूर, बेळगाव, पुणे, जिथे मिळेल तिथे. घेणाऱ्याला पैसे मागू नका, उलट तुम्हीच फोटो मागा, हौदाचा, माशाचा नाही. मत्स्यालयांच्या भरवशावर राहू नका, जगभरात त्यांच्याकडे याच माशाच्या देणगीची रांग असते. आणि कुठेच सोय झाली नाही, तर पशुवैद्याकडून त्याला भूल देऊन कायमचं झोपवणं हे नदीत सोडण्यापेक्षा आणि त्या टाकीत दोन वर्षं कुजवण्यापेक्षा बरं. हे मुलाला आज सांगायची गरज नाही. तुम्ही मात्र मनात ठेवा.

मुलाचं म्हणाल, तर त्याला आधी पट्टी द्या. 22 इंच लांबीचा कागद कापू द्या, माशाच्या आकाराचा, लाल शेपूट रंगवून. टाकीची लांबी-रुंदी खडूने फरशीवर आखा आणि त्याला तो कागद आत फिरवून दाखवायला सांगा. मग तोच कागद तासगावला नेऊन हौदाच्या तळावर ठेवा, पाणी भरायच्या आधी. पुढचं त्याला तुम्हाला समजवावं लागणार नाही.

नेण्याच्या दिवसाचं शेवटचं. आधी चार दिवस खायला काही नको, नाहीतर वाटेत ओकेल आणि पिंपातलं पाणी नासेल. जाळीने पकडू नका. त्याच्या कल्ल्यामागच्या पंखांना करवतीसारखे काटे असतात, ते जाळीत अडकले की जाळी कापावी लागते आणि बोटही. जुनी सुती चादर ओली करून, दोघांनी दोन टोकं धरून, झोळीसारखं उचला. तोंडाकडची बाजू मिस्टरांना द्या. झाकणाचा मोठा पिंप, अर्धा टाकीतल्याच पाण्याने भरलेला, बॅटरीचा पंप चालू. पहाटे निघा. मुलाला मागे पिंपाशेजारी बसवा आणि झाकणावर दोन्ही हात दाबून ठेवायला सांगा. तासगावच्या रस्त्याला गतिरोधक बरेच आहेत, आणि प्रत्येकाला छोटू आतून धडक देणार.